लालपिसाची मंजिरी

शरयू तोडणकर खडकाच्या कपारीत डोकं घालून पालथी पडली होती. तिच्या पाठीवरून तिसरी लाट गेली तेव्हा इंदूवहिनी वरून ओरडली, “गो बाय, मोजतंस काय बुडतंस?”

“मोजतेय.”

“मगे बोल तरी! मी हय दगडांवांगडा बोलतंय काय?”

शरयूने वीतभर लांबीरुंदीची तारेची चौकट पुढच्या जागेवर टेकवली, कपाळावरच्या दिव्याचा झोत आत वळवला आणि बोटाने चाचपत चाचपत पाहिलं. मग चौकट उचलून आणखी पुढे. गुडघ्याखाली कालवांच्या धारा रुतत होत्या. एकसष्टावं वर्ष चालू होतं, आणि हे काम चाळिशीतल्या माणसासाठी ठरवलेलं होतं. पण चाळिशीतलं कुणी मिळत नव्हतं.

“एकोणीस,” ती शेवटी म्हणाली आणि उठून बसली.

“ह्या चौकटीत?”

“सगळ्या खडकावर, वहिनी. मंजिरी धरलेली लालपिसं फक्त एकोणीस. आणि पिल्लू एकही नाही.”

इंदूवहिनी कोंडवेळच्या वेचणाऱ्या बायकांची मुकादम. आयुष्यभर कालवं काढून तिचे तळवे चामड्यासारखे झालेले, आणि तोंड कधी बंद न पडणारं. ते त्या वेळी बंद पडलं.

आता हे लालपीस म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं कोरडं जाईल.

लालपीस म्हणजे समुद्रातलं एक तांबडं शेवाळ. उंची बोटाच्या पेराएवढी. तळाशी खडकाला घट्ट धरून ठेवणारी बारीक पकड, तिच्यातून निघालेली चपटी दांडी, दांडीच्या दोन्ही अंगांना फांद्या, त्यांना पुन्हा फांद्या, टोकाकडे लहान लहान होत गेलेल्या. हुबेहूब पाखराचं पीस. सावलीत वाढलं तर रंग कोकमाच्या पिकल्या सालीसारखा, उन्हाकडे वाढलं तर फिकट पिवळा, गवतासारखा, ओळखूसुद्धा येऊ नये असा. त्याची जागा म्हणजे सुकतीची, म्हणजे ओहोटीची, अगदी शेवटची रेघ, जी अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास दोनेक तासच उघडी पडते. तिथेही उघड्या कातळावर नाही, तर ओणव्या खडकाच्या पोटाखाली, जिथे ऊन शिरत नाही. लाटेचा मार हवा, पण थेट तोंडावर नको. वाळूने अंग घासलं जायला हवं, पण वाळूखाली गाडलं जायला नको. देवाने एवढी कलाकुसर करून ती कपारीत, कुणाला दिसणार नाही अशा ठिकाणी ठेवावी, याचं शरयूला कॉलेजच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती तेव्हापासून नवल वाटत आलं होतं. तिच्या मते ही देवाची स्वतःसाठी काढलेली रांगोळी होती.

ती रांगोळी माणसांच्या उपयोगी पडली ती गळ्यासाठी.

माणसाच्या कंठात स्वरपडद्यांची एक जोडी असते. गाताना हे पडदे सेकंदाला शेकडो वेळा थरथरतात, आणि इतक्या थरथरीत टिकायचं म्हणून त्यांच्यावर जेलीसारख्या मऊ पदार्थाचा थर असतो. आजारपणाने किंवा जखमेने हा थर एकदा ताठरला की आवाज गेला. त्यावर इलाज नव्हता. मग कुणाच्या तरी ध्यानात आलं की लालपिसाच्या मादीच्या टोकांना जी खसखशीएवढी बोंडं धरतात, त्यांच्या सालीत असाच एक पदार्थ आहे. दिवसरात्र लाटा आपटत असताना आतली बीजं फुटू नयेत म्हणून ती साल थरथर पिऊन टाकते. तो पदार्थ काढून, शुद्ध करून, बारीक सुईने स्वरपडद्यात सोडला की गेलेला आवाज परत येई. वर्षभर टिके. जितकं गावं तितका लवकर झिजे, आणि मग पुन्हा सुई. प्रयोगशाळेत तो बनवायचे सगळे प्रयत्न फसले. बनवलेला पदार्थ घशात जाऊन घट्ट होई. टाक्यांत लालपीस वाढवून पाहिलं. वाढलं छान, पण बोंड एकालाही धरेना. तेव्हा राहिले ते किनाऱ्यावरचे तीन खडक. त्यांतले दोन गेल्या दोन वर्षांत संपले.

वेचणी सुरू झाली तेव्हा, नऊ वर्षांपूर्वी, नियम कुणी घालून द्यायचा असा प्रश्न आला. किनारा केंद्रातले साहेबलोक कागद चाळत राहिले आणि शरयूने साधी गोष्ट सांगितली. तुळशीची मंजिरी आपण खुडतो ना? मंजिरी धरून वाळू दिली तर तुळस सुकते, खुडली तर फोफावते. तसंच करा. झाड उपटू नका, फक्त बोंडांची टोकं खुडा. सगळ्यांना पटलं. बायका आनंदाने तसं करू लागल्या, जाता-येता खडकाला हात जोडू लागल्या. ‘मंजिरी खुडा, झाड राखा’ अशी पाटीच लागली बंदरावर.

आणि झाडं राहिलीही. दरवर्षी मोजणीत आकडा भरायचा. लालपीस आठ-नऊ वर्षं जगतं, त्यामुळे पहिली सात वर्षं सगळं हिरवंगार, म्हणजे लालेलाल दिसत राहिलं. आता ती जुनी झाडं वयाने गळून पडत होती आणि त्यांच्या जागी उगवायला कुणी नव्हतं. तुळशीला फांदी लावली तरी चालते. लालपिसाला बीजावाचून दुसरी वाट नाही, आणि बीज तर नऊ वर्षं प्रेमाने, हात जोडून खुडलेलं.

“माझी चूक झाली, वहिनी,” शरयू खडकावर बसून म्हणाली.

“तुजी एकटीची कशी? खुडलंव आमी.” इंदूवहिनीने तिची चौकट उचलून घेतली. “ऊठ आता. पाणी इला.”

*

घरी भालचंद्रबुवा कोमट पाण्याचा पेला हातात धरून तिची वाट पाहत होते. शरयूचे यजमान. त्या पट्ट्यातल्या चाळीस गावांत त्यांचं कीर्तन ऐकलं नाही असं माणूस सापडणं कठीण. पाच वर्षांपूर्वी मोठ्या आजारात तीन आठवडे घशात नळी होती, आणि नळी निघाली तेव्हा आवाजही तिच्याबरोबर गेला. दोन वर्षं बुवा मुके होते. शरयूला हाक मारायची तर ताटावर चमचा वाजवायचे. लोक प्रेमाने त्यांना उत्सवाला बोलवायचे, पुढे बसवायचे, हार घालायचे. घरी आल्यावर बुवा तो हार गाईला घालायचे. मग यादीत नंबर लागून सुई मिळाली. गेली तीन वर्षं दर मार्गशीर्षात एक.

“किती?” त्यांनी विचारलं.

“एकोणीस.”

“लागतात किती?”

“साठ. साठाखाली गेलं तर वेचणी बंद. पाच वर्षं.”

बुवांनी पेला खाली ठेवला. “त्या उडत्या कॅमेऱ्याने काय दाखवलं?”

“त्याला कपारीतलं दिसत नाही. म्हणून तर मला ठेवलंय.”

“म्हणजे तुला दिसलं ते तुलाच दिसलं.”

शरयू ओलं लुगडं बदलायला निघाली होती, ती दारातच थांबली. “सरळ बोला, अहो.”

“साठ लिही.” ते तिच्याकडे न बघता म्हणाले. “एकाच वर्षापुरतं. पुढच्या वर्षी खरं लिही. देव काय, दोन्ही वाचतो.”

“कीर्तनाच्या गादीवर उभं राहून सांगाल हे?”

“गादीवर उभं राहायला आवाज लागतो, शरयू.”

चूल... म्हणजे आता शेगडीच, पण तिच्या तोंडात अजून चूलच, पेटवून तिने भाताचं आधण ठेवलं. बुवा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. त्यांच्या वरच्या स्वराला कालपासून खर लागली होती. जुना डोस झिजत आला होता.

“डॉक्टर म्हणाले, जपून वापरला तर होळीपर्यंत जाईल,” ते म्हणाले. “त्यानंतर पाच वर्षं? मी अडुसष्टाचा आहे.”

“ती एकोणीस खुडली तर पाच वर्षांनीही नाही. कधीच नाही. तुम्हालाच नाही असं नव्हे, कुणालाच नाही.”

“मला कुणाचं सांगू नकोस.”

“तुळशीचं उदाहरण मी दिलं होतं,” ती आधणाकडे बघत म्हणाली. “माझ्यामुळे झालंय हे सगळं.”

बुवा एकाएकी खोकल्यासारखं हसले. “तुझं कुठलं? माझं होतं ते. रामनवमीच्या कीर्तनात मी सांगितलं होतं. मंजिरी खुडली की तुळस वाढते, मीपणा खुडला की भक्ती वाढते. टाळ्या पडल्या होत्या. तू तिथूनच उचललंस.”

ते खरं होतं. तिला आठवलं, आणि हसू यायच्या ऐवजी अंगातलं उरलंसुरलं बळही गेलं. दोघांनी मिळून, देवाचं नाव घेऊन, एवढं मोठं चुकवलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून बुवा बोलेनासे झाले. तिने विचारलं तर गळ्याकडे बोट दाखवायचे: राखतोय. आवाज राखत होते की राग, हे बत्तीस वर्षं संसार केलेल्या बायकोला विचारावं लागत नाही.

*

अहवाल तिने तिसऱ्या दिवशी पाठवला. एकोणीस. कारणाच्या रकान्यात लिहिलं: ‘बीज धरलेली टोकं खुडण्याचा नियम शरयू तोडणकर यांनी सुचवला. नियम चुकीचा होता.’

तासाभरात मृणाल वाळिंबेचा फोन. किनारा केंद्रात शेवाळांचं सगळं तीच बघायची; शरयूच्या मुलीच्या वयाची, आणि बोलायची तशीच.

“मावशी, आकडा बघून मी दोनदा चहा प्यायले. पण नाव कशाला घातलंत?”

“नाव नाही घातलं तर पुढचा कुणीतरी पुन्हा तुळशीची गोष्ट सांगेल.”

“काकांचं काय?”

शरयूने विषय बदलला. “मृणाल, ती एकोणीस पिकत आलीयत. पौर्णिमेच्या सुकतीला फुटतील.”

“फुटून उपयोग काय? बीज पडणार कुठे?”

इथेच खरी मेख होती. या तांबड्या शेवाळांच्या बीजाला पोहता येत नाही. हिरव्या-तपकिरी शेवाळांच्या बीजाला शेपूट असतं, ते वळवळत जागा शोधतं. याला काहीच नाही. आईच्या अंगावरून सुटायचं, बुडायचं, आणि जिथे टेकेल तिथे चिकटायचं. तिथे मोकळा खडक असेल तर जगेल. कोंडवेळच्या कपारीत आयांच्या भोवती सगळीकडे हिरवा चिकट थर आणि कालवांची पिल्लं माजली होती.

“खडक घासायचा,” शरयू म्हणाली. “प्रत्येक झाडाभोवती वीतभर. आधी घासून चालणार नाही, दोन दिवसांत परत थर धरतो. फुटायच्या अगोदर तासभरात.”

मृणालने विचारलं, “बायका येतील? वेचणी बंद केल्यावर?”

“विचारते.”

आठवडाभराने इंदूवहिनीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, “येतंव. शिव्या घालीत येतंव, पण येतंव.” मग बोटांवर तिथी मोजून तिने कपाळावर हात मारला. “गो, ती दत्तजयंती! हिवाळ्यातली खोल सुकती सांजची. सूर्य बुडताना देवळात जन्म, आनी तेवाच खडक उघडो.”

घरी येऊन शरयूने बुवांना सांगितलं. त्या दिवशी त्यांचं गावच्याच देवळात कीर्तन होतं. खरं तर त्यानंतर पुढे कुठलं ठरवलेलंच नव्हतं.

“सूर्यास्ताला जन्म असतो,” ते म्हणाले. नऊ दिवसांतलं हे त्यांचं पहिलं वाक्य.

“माहीत आहे.”

“एका मिनिटाने हलवलेला नाही मी. वडिलांनीही नाही.”

“हलवा कुठे म्हणतेय मी? मी नसेन एवढंच सांगतेय. इंदूवहिनी नि चौदाजणी नसतील.”

“मग कीर्तन सांगू कुणाला? खांबांना?”

दमलेल्या माणसाला भांडण पुढे नेण्याइतकीही ताकद नसते. ती म्हणाली, “जेवायला वाढू?”

*

पौर्णिमेला पाच वाजता पाणी मागे सरलं आणि पंधरा बायका कास घालून खडकावर उतरल्या. हातात कालवं काढायच्या सळया आणि नारळाच्या सोडणाची घासणी. शरयूने एकेका झाडाला हात लावून दाखवलं: याच्या भोवती, याला धक्का लागू न देता. काम दिसतं तेवढं सोपं नव्हतं. पालथं पडायचं, मान वाकडी करायची, आणि डोळ्यांत खारं पाणी जात असताना पेरभर पिसाच्या शेजारचं शेवाळ खरवडायचं. एका झाडाला दहा-बारा मिनिटं. कपार अरुंद, एका वेळी दोघींच्यावर आत मावत नव्हत्या.

टेकाडावरच्या देवळाच्या कर्ण्यातून बुवांचं मंगलाचरण खाली आलं.

“आवाज बरो लागलो हा आज,” इंदूवहिनी म्हणाली.

बराच लागला होता. पण शरयूला बाकीच्यांना न ऐकू येणारं ऐकू येत होतं. वरच्या षड्जाला जाताना ते किंचित खालून चढत होते. पायरी मोडकी असलेला माणूस जिना चढतो तसे.

सूर्य पाण्याला टेकला तेव्हा नऊ झाडं झाली होती. बायकांनी घासणी थांबवून देवळाकडे तोंडं केली, ओले हात जोडले. आता शंख वाजेल. सूर्याची कड बुडाली. शंख वाजला नाही.

“काय झाला गो? बुवांका काय झाला?”

कर्णा खरखरला, आणि बुवा बोलू लागले. “मंडळी, घड्याळाकडे बघू नका. सूर्य गेला, मलाही दिसला. पण एक सांगा, घरात बाळ व्हायचं असेल आणि सुईणी आल्या नसतील, तर बाळाला थांब म्हणतात की नाही? आपल्या सुईणी आज खडकावर आहेत. दुसऱ्या एका बाळंतपणाला गेल्या आहेत. त्या येईपर्यंत देव थांबेल. तो काय आपल्यासारखा घाईत नसतो.” कुणीतरी हसलं. कुणीतरी काही विचारलं असावं, कारण बुवा म्हणाले, “शास्त्रात? शास्त्रात नाही. दोष माझ्यावर घाला.” पेटीने सूर दिला आणि त्यांनी नवं पद उचललं.

शरयू घासणं हातात धरून तशीच राहिली. निरूपण करत बसले असते तरी वेळ गेला असता. पण बुवा गात होते. भरल्या गळ्याने, एकामागून एक, होळीपर्यंत पुरवायचं ते सगळं आताच.

“चला, आवरूया,” एकजण म्हणाली. “नऊ झाली ती बस झाली. बुवा थांबलेत.”

सगळ्यांनी शरयूकडे पाहिलं. दहा झाडं उरली होती. आता वर गेलं तर त्या गळ्यात काही आठवडे तरी शिल्लक राहतील. दारात उभं राहून हाक मारण्यापुरते, सकाळच्या भूपाळीपुरते. एकेक झाड म्हणजे दोन पदं.

“दहावं,” ती म्हणाली आणि कपारीत शिरली.

तिला नंतर विचारलं असतं तर सांगता आलं नसतं की पुढचा तास कसा गेला. अकराव्याला आवाजाची खर सगळ्यांना ऐकू आली. तेराव्याला अंतऱ्याचा वरचा स्वर फाटला, तबला एक आवर्तन एकटाच वाजत राहिला, आणि मग बुवा खालच्या पट्टीत परत आले. चंद्र वर आला होता, कपारीबाहेर दिव्यांची गरज उरली नव्हती. सतराव्याला शरयूच्या बोटाला काहीतरी बुळबुळीत लागलं. उजेडात धरून पाहिलं तर लालसर रेघ होती, नखाएवढी. बोंडं फुटायला लागली होती. बोट तिने नुकत्याच खरवडलेल्या दगडावर पुसलं. अठराव्याला पाणी कोपरापर्यंत आलं. कर्ण्यातून आता गाणं म्हणावं असं काही येत नव्हतं; शब्द येत होते, ताल येत होता, मध्ये नुसती हवा. तरी पद चालूच.

“बाय, एक रवलाहा. सोड,” इंदूवहिनी म्हणाली.

“पाय धर माझे.”

इंदूवहिनीने तिचे घोटे धरले. शरयू श्वास कोंडून पाण्याखाली गेली आणि चाचपून, डोळे मिटून, एकोणिसावं झाड हाताने ओळखून तिने त्याच्याभोवतीचा खडक घासला. तीनदा वर येऊन श्वास घ्यावा लागला.

*

देवळात त्या आल्या तेव्हा साडेसात वाजले होते. पायांना वाळू, लुगड्यांतून पाणी गळतंय, अंगाला कालवांचा वास. सोवळ्यात पुढे बसलेल्यांनी सरकून जागा करून दिली. कुणी नाक मुरडलं नाही. बुवा गादीवर उभे होते. गळ्यात हार, अंगरखा घामाने चिकटलेला. कीर्तनकार गादीवर असताना वडीलधारेही त्याच्या पाया पडतात, शरयूही पडली. त्यांनी बुक्का लावला. काहीतरी म्हणाले, ओठ हलले, पण आवाज नव्हता. गुरवाने त्यांच्याकडे बघितलं. बुवांनी मान हलवली, आणि शंख वाजला.

जन्म झाला. फुलं पडली. पाळणा म्हणायची वेळ आली तेव्हा बुवांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि पाळण्याची दोरी इंदूवहिनीच्या हातात दिली.

“माका सूर नाय, बुवा,” ती घाबरून म्हणाली. बुवांनी हाताने खूण केली, की मलाही नाही. मग तिने सुरुवात केली, तिच्या त्या वाऱ्यावर हाका मारायच्या आवाजात, आणि बाकीच्या मागून आल्या.

शरयूला म्हणायचं होतं. ती खांबाला टेकून बसली, पहिली ओळ तिने म्हटली, दुसरीला ओठ हलले, आणि तिसरीच्या आधी तिचे डोळे मिटले. बत्तीस वर्षांत ती कीर्तनात कधी पेंगली नव्हती. हातातून घासणं निसटलं. मान खांबावर कलली.

शेजारणीने तिला हलवायला हात उचलला. बुवांनी गादीवरूनच खुणेने तो अडवला. त्यांनी झांजा खाली ठेवल्या, तबलजीला डग्ग्यावर तळवा ठेवून दाखवला, आणि बायकांकडे वळून दोन्ही हातांनी लय धरून दाखवली: आणखी सावकाश. आणखी हळू. बायकांनी आवाज खाली घेतले, आणि पाळणा तसाच, दबक्या सुरात, बराच वेळ चालू राहिला.